झडप नवी, हृदय तेच



हृदयाचं ऑपरेशन होऊन कुणी घरी परतलं, की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं: "व्हॉल्व्ह बदलला ना, आता हार्ट एकदम नवीन झालं!" मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात, रोझरीनंतर चहा घेताना, आजारी भेटीला गेल्यावर खाटेशेजारी बसून आपण हे म्हणतो. म्हणणाऱ्याच्या मनात प्रेम असतं, यात शंका नाही. तरीही हे वाक्य आपण सोडून द्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण ते खरं नाही, आणि त्याने दोनदा नुकसान होतं. ऑपरेशनच्या आधी ते माणसाला थांबवून ठेवतं: "व्हॉल्व्ह काय, कधीही बदलता येतो, घाई कशाला?" आणि ऑपरेशननंतर ते त्याला एकटं पाडतं: "आता तर नवीन झालं, मग अजून दम कसा लागतो?" या दुसऱ्या प्रश्नाचं ओझं मी अनेक आजारी माणसांच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे. ती उत्तर देत नाहीत, नुसती हसतात.

मी डॉक्टर नाही. कुणाला कोणता उपचार द्यायचा हे ठरवणं माझं काम नव्हे, आणि या लेखावरून कुणी आपलं औषध बदलूही नये. पण आजाऱ्यांकडे जाणाऱ्या माणसाने निदान त्यांच्या आजाराची खरी गोष्ट समजून घेतली पाहिजे. ती समजली की आपलं बोलणं बदलतं, आणि बोलण्याबरोबर वागणंही.

अडकलेलं दार

हृदयाच्या डाव्या बाजूच्या खालच्या कप्प्यातून सगळ्या शरीराला रक्त जातं. हा कप्पा आणि महाधमनी यांच्यामध्ये एक झडप असते. तिला डॉक्टर एऑर्टिक व्हॉल्व्ह म्हणतात. तिला बहुधा तीन पाकळ्या असतात. दर ठोक्याला त्या उघडतात, रक्त पुढे जातं, आणि लगेच मिटतात. दिवसाला सुमारे एक लाख वेळा हे घडतं आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. निरोगी प्रौढ माणसात ही झडप उघडली की साधारण ३ ते ४ चौरस सेंटिमीटरची वाट मिळते. ही वाट १ चौरस सेंटिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी उरली, की आजार तीव्र समजला जातो.

वाट अरुंद होण्याची कारणं तीन. उतारवयात पाकळ्यांवर कॅल्शियम साचून त्या दगडासारख्या कडक होतात. काही माणसांना, शंभरात एखाद-दुसऱ्याला, जन्मापासून तीनऐवजी दोनच पाकळ्या असतात. त्यांची झडप लवकर खराब होऊ शकते. आणि तिसरं कारण आपल्या देशात अजून संपलेलं नाही: लहानपणी घसा दुखून आलेला संधिवाताचा ताप, म्हणजे र्‍हुमॅटिक फीवर. तो येतो, सांधे सुजवून निघून जातो, पण झडपांवर आपली खूण ठेवून जातो.

आता त्या अरुंद वाटेतून रक्त ढकलणाऱ्या स्नायूचा विचार करा. अडकलेलं दार रोज खांद्याने ढकलून उघडणाऱ्या माणसाचे दंड जाड होतात, तसा हृदयाचा स्नायूही जाड होतो. सुरुवातीला हे बळ उपयोगी पडतं. कित्येक वर्षं माणसाला काहीच त्रास होत नाही. शेतावर जातो, जिने चढतो, सणाला पाहुण्यांची ऊठबस करतो. कुणाला शंका येत नाही.

पण जाड झालेल्या स्नायूला रक्तही जास्त लागतं, आणि त्याला ते पुरत नाही. हळूहळू पेशींच्या मधल्या जागेत चिवट तंतूंचं जाळं वाढू लागतं. काही पेशी थकून मरतात आणि त्यांच्या जागी वण राहतो. डॉक्टर याला फायब्रोसिस म्हणतात. हातावर खोल भाजलं की तिथली कातडी पुढे ताठ राहते, पहिल्यासारखी ताणली जात नाही. हृदयाच्या आतल्या वणाचंही तसंच आहे. ताठ झालेलं हृदय नीट सैल होत नाही, म्हणून त्यात रक्त नीट भरत नाही, आणि माणसाला दम लागतो.

म्हणजे ज्याला आपण "व्हॉल्व्हचा आजार" म्हणतो तो फक्त व्हॉल्व्हचा नसतो. दार अडकलं म्हणून ढकलणाराही झिजत असतो.

दोन प्रकारचे वण

हृदयातले वण सारखे नसतात, आणि माझं सगळं म्हणणं या फरकावर उभं आहे.

पहिला प्रकार सगळ्या स्नायूभर पसरलेल्या जाळ्याचा. पेशी जिवंत असतात, पण त्यांच्या मधली वीण घट्ट आणि दाट झालेली असते. दुसरा प्रकार ठिकठिकाणच्या वणाचा. तिथल्या पेशी गेलेल्या असतात आणि त्यांच्या जागी नुसते तंतू असतात. गॅडोलिनियम नावाचं द्रव्य शिरेतून देऊन हृदयाचा एमआरआय काढला, की हा दुसरा प्रकार चित्रात उजळ दिसतो. पसरलेलं जाळं मोजण्याची पद्धतही आता एमआरआयमध्ये आहे.

व्हॉल्व्ह बदलल्यावर या दोघांचं काय होतं? पहिला प्रकार ओसरू शकतो. दुसरा जवळजवळ जसाच्या तसा राहतो.

हे अंदाजाने म्हटलेलं नाही. लंडनच्या डॉक्टरांनी ११६ रुग्णांची ऑपरेशनच्या आधी आणि एक वर्षानंतर एमआरआयने तपासणी केली आणि २०१८ मध्ये निष्कर्ष छापले. वर्षभरात हृदयाच्या त्या जाड झालेल्या कप्प्याचं वजन सुमारे १९ टक्के कमी झालं होतं. त्यात स्नायूपेशींचा भाग सुमारे २२ टक्क्यांनी उतरला, आणि मधल्या जाळ्याचा भाग सुमारे १६ टक्क्यांनी. ठिकठिकाणचे वण मात्र होते तेवढेच राहिले. दार मोकळं होताच स्नायू ओझं उतरवू लागतो. जाळंही सुटू लागतं, पण जरा मागून.

किती मागून, याचं उत्तर त्याहून जुनं आहे. १९८९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या झुरिचच्या डॉक्टरांनी हृदयाच्या स्नायूचे बारीक तुकडे तपासून पाहिलं होतं. ऑपरेशननंतर दीड वर्षाने स्नायू आकसला होता, पण त्यामानाने तंतूंचं प्रमाण अजून जास्तच दिसत होतं. सुमारे सहा वर्षांनी तपासलेल्यांत तेही खाली आलं होतं. सहा वर्षं! आपण मात्र पाहुणचाराच्या पहिल्या पंधरा दिवसांत माणूस ठणठणीत व्हावा, अशी अपेक्षा धरतो.

आता कटू बाजू. जर्मनीतल्या वुर्झबुर्गच्या डॉक्टरांनी ५८ रुग्णांचा अभ्यास २००९ मध्ये मांडला. ज्यांच्या स्नायूत आधीच खूप वण होते, त्यांना व्हॉल्व्ह बदलूनही फारसा आराम वाटला नव्हता. ब्रिटनमधल्या सहा केंद्रांवरच्या ६७४ रुग्णांचा अभ्यास २०१८ मध्ये आला. त्यात साधारण निम्म्या रुग्णांच्या हृदयात ऑपरेशनच्या आधीच वण होता, आणि पुढच्या काही वर्षांत त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाण वण नसलेल्यांच्या सुमारे दुप्पट निघालं. यात घाबरून जाण्यासारखं नाही. वण असूनही पुष्कळ जण चांगले जगले. पण "एकदम नवीन" हे शब्द इथे बसत नाहीत, एवढं तरी मान्य करावं लागेल.

गेलेल्या पेशींच्या जागी नव्या का येत नाहीत? स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी याचा माग मोठ्या कल्पकतेने काढला. मागच्या शतकात उघड्यावर अणुबॉम्बच्या चाचण्या झाल्या तेव्हा हवेत एक खास प्रकारचा कार्बन वाढला होता. तो माणसाच्या पेशींतही शिरला. त्याच्या प्रमाणावरून पेशीचं वय काढता येतं. २००९ मध्ये त्यांनी दाखवलं, की पंचविशीत हृदयाच्या स्नायूपेशींपैकी वर्षाला सुमारे १ टक्का बदलतात, आणि पंचाहत्तरीत अर्ध्या टक्क्याहूनही कमी. म्हणजे आईच्या पोटात जे हृदय ठोके देऊ लागलं, त्यातल्या पुष्कळ पेशी शेवटपर्यंत आपल्या सोबत असतात. मला यात काही उणेपणा दिसत नाही. इतकी वर्षं न थकता चाललेली वस्तू आपण कधी हातात तरी घेतली आहे का?

"वय झालं" म्हणणं थांबवू या

यातून निघणारी पहिली गोष्ट ऑपरेशनच्या आधीची. वण भरून येत नसतील, तर ते पडण्याआधी जागं झालं पाहिजे.

आपल्या घरांत काय होतं? आजी चर्चच्या पायऱ्या चढताना मध्येच कठड्याला धरून उभी राहते. विचारलं तर म्हणते, "काही नाही रे, वय झालं." आजोबा पूर्वी बाजारातून पिशव्या घेऊन चालत यायचे, आता रिक्षा करतात. "गुडघे दुखतात" हे कारण सांगतात. छातीत दाटतं त्याला ॲसिडिटी म्हणतात. गुडघे टेकून उठताना अंधारी आली तर उपवास आठवतो. माणूस आपला वेग स्वतःच कमी करून घेतो, मग त्रास होत नाही, आणि मग तो म्हणतो, "मला काही त्रासच नाही."

१९६८ मध्ये अमेरिकेतल्या रॉस आणि ब्राउनवाल्ड या डॉक्टरांनी जे लिहिलं ते आजही वैद्यकीय विद्यार्थी शिकतात. ही झडप तीव्र अरुंद असेल आणि ती बदलली नाही, तर छातीत दुखणं सुरू झाल्यापासून सरासरी सुमारे ५ वर्षं, चक्कर येऊन पडणं सुरू झाल्यापासून ३, आणि हृदय थकून दम लागू लागल्यापासून २ वर्षं आयुष्य उरतं. कित्येक वर्षं शांत राहिलेला आजार बोलू लागला, की त्याला थांबायला वेळ नसतो. आपणही थांबू नये.

हे तपासायला मोठं शहर लागत नाही. छातीला स्टेथोस्कोप लावला की या आजाराचा आवाज, ज्याला मरमर म्हणतात, बहुतेक वेळा ऐकू येतो. पुढे इको नावाची सोनोग्राफीसारखी तपासणी. ती दुखत नाही, आणि झडपेची वाट किती उरली हे सांगते. साठी ओलांडलेल्या आपल्या माणसाला दम लागत असेल, छातीत दाटत असेल किंवा चक्कर आली असेल, तर एकदा इको करायचा का, हे डॉक्टरांना विचारा. एवढाच माझा आग्रह आहे.

पण इथे एक समतोलही राखायला हवा. वण दिसला की धावत जाऊन ऑपरेशन, असं गणित शास्त्राने अजून सिद्ध केलेलं नाही. त्रास नसलेल्या पण झडप तीव्र अरुंद असलेल्या आणि हृदयात वण असलेल्या २२४ रुग्णांवर ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात एक चाचणी झाली. लवकर झडप बदलली म्हणून मृत्यू किंवा या आजारामुळे अचानक इस्पितळात जाणं ठोसपणे कमी झाल्याचं त्यात दिसलं नाही. हा निष्कर्ष २०२४ च्या ऑक्टोबरचा. त्याच महिन्यात अमेरिका आणि कॅनडातल्या ९०१ रुग्णांच्या दुसऱ्या चाचणीचा निष्कर्ष आला. त्यांनाही त्रास नव्हता. त्यांच्यात लवकर झडप बदलल्याचा फायदा दिसला, तो मुख्यतः अचानक इस्पितळात भरती व्हावं लागण्याचं प्रमाण घटल्यामुळे. म्हणून "कधी करायचं" हा प्रश्न डॉक्टरांसमोर बसून, आपल्या माणसाची तब्येत पाहून सोडवायचा असतो. शेजारच्या काकांनी केलं म्हणून नाही, आणि गावातल्या मावशींनी केलं नाही म्हणूनही नाही.

खर्चाची भीती खरी आहे, ती मी हलकी करणार नाही. मांडीच्या रक्तवाहिनीतून नळी घालून झडप बसवण्याची पद्धत, जिला टावी म्हणतात, फ्रान्समधल्या रूआँ शहरात डॉ. आलाँ क्रिबिये यांनी २००२ मध्ये पहिल्यांदा केली. छाती उघडावी लागत नाही, पण ती झडप अजून फार महाग आहे. छाती उघडून केलेलं ऑपरेशन त्या मानाने आवाक्यात येतं. आपल्याच देशात तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेली चित्रा झडप १९९० पासून वापरात आहे. परदेशी झडपेपेक्षा ती स्वस्त पडते. आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात, आणि २०२४ पासून ७० वर्षांवरच्या सगळ्यांना त्यात स्थान आहे. कार्ड काढलेलं नसलं की ऐनवेळी धावपळ होते. ते आजच काढून ठेवा.

घरी आल्यानंतरचे महिने

दुसरी गोष्ट ऑपरेशननंतरची. इथे आपल्या घरांत दोन टोकं दिसतात. एका घरात रुग्णाला खाटेवरून उतरू देत नाहीत. पाण्याचा तांब्याही हातात आणून देतात. दुसऱ्या घरात महिन्याभरात म्हणतात, "सगळं ठीक आहे ना? मग दुकानावर बसायला काय हरकत?" दोन्ही घरांत प्रेम आहे. पण दोन्हीकडे हृदयाला जे हवं ते मिळत नाही.

छातीचं हाड सांधायला साधारण दोन-तीन महिने लागतात. तोवर जड उचलणं, ओढणं, ढकलणं टाळायचं असतं. पण चालणं हवं. रोज थोडं, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे वाढवत नेलेलं. सवय मोडलेल्या शरीराला पुन्हा श्रमाची ओळख करून द्यायला ते लागतं. रक्तदाब आटोक्यात हवा, कारण झडप मोकळी झाली तरी पुढे दाब चढा असेल तर त्याच स्नायूला पुन्हा ओझं ओढावं लागतं. आणि धीर हवा. जाळं सुटायला वर्षं लागतात हे आपण वर पाहिलंच.

धातूची झडप असेल तर रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि आय.एन.आर. ही रक्ताची तपासणी वेळोवेळी करावी लागते. ही गोळी मनाने बंद केली तर झडपेवर गुठळी बसू शकते, लकवा होऊ शकतो. जास्त झाली तर रक्तस्राव. पालेभाज्या एक आठवडा भरपूर आणि पुढचा आठवडा काहीच नाही, असं केलं तरी तपासणीचा आकडा हलतो. उपवासकाळात जेवण बदलणार असेल तर हे डॉक्टरांना आधी सांगावं. जनावरांपासून बनवलेल्या झडपेला ही गोळी बहुधा जन्मभर लागत नाही, पण ती झडप काही वर्षांनी झिजते. झडप कोणतीही असो, दात काढण्याआधी दाताच्या डॉक्टरांना ऑपरेशनची गोष्ट सांगायलाच हवी, आणि विनाकारण ताप राहिला तर अंगावर काढू नये. बसवलेल्या झडपेला जंतू लागले तर दुखणं फार गंभीर होतं.

आमच्या सीमाभागात यात आणखी एक अडचण आहे. डिस्चार्जचा कागद इंग्रजीत असतो, बाहेरच्या पाट्या कन्नडमध्ये, आणि आपले वडीलधारे वाचतात मराठी. मुलगा पुण्याला किंवा आखातात. फोनवर तो विचारतो, "सगळं ठीक ना?" आई म्हणते, "ठीक." गोळी सकाळची की रात्रीची, पुढची तपासणी कधी, हे त्या कागदावर लिहिलेलं असतं आणि कागद कपाटात असतो, पवित्र शास्त्राच्या शेजारी जपून ठेवलेला. जपला आहे, वाचलेला नाही.

याईराच्या मुलीची गोष्ट आपण किती वेळा ऐकली आहे. बारा वर्षांची मुलगी मेली म्हणून रडारड चालली होती. प्रभूने तिचा हात धरला आणि ती उठून चालू लागली. घरातली माणसं थक्क होऊन पाहत राहिली. त्या क्षणी प्रभूला काय आठवलं? मुलीला भूक लागली असेल. तिला खायला द्यायला त्याने सांगितलं. चमत्कार झाल्यावरही ताट वाढण्याचं काम त्याने घरच्यांकडेच ठेवलं. शल्यविशारदाचं काम काही तासांत होतं. ताटाचं, गोळ्यांचं, हात धरून चालवण्याचं काम आपलं आहे, आणि ते काही वर्षांचं आहे.

वण म्हणजे विश्वासाची उणीव नव्हे

काही जण म्हणतील, "आजारी माणसाला हे सगळं सांगून कशाला घाबरवायचं? आशेचे दोन शब्द बोलावेत की." आशा मलाही प्रिय आहे. पण खोट्या आशेचं बिल शेवटी आजाऱ्यालाच भरावं लागतं. सहा महिन्यांनी जिना चढताना दम लागला की तो गप्प बसतो. डॉक्टरांनाही सांगत नाही, कारण सगळ्यांनी त्याला बरं ठरवून टाकलेलं असतं. प्रार्थनासभेत उठून त्याने साक्ष दिलेली असते. आता "अजून त्रास होतो" म्हणणं त्याला साक्ष मागे घेतल्यासारखं वाटतं. कुणीतरी हळूच म्हणतं, "विश्वास कमी पडला असेल." हे वाक्य तर मी क्रूरच म्हणेन. गोळ्या बंद करून विश्वास दाखवणारेही असतात. त्यांना अडवणं हे आपलं कर्तव्य आहे.

पुनरुत्थानानंतर प्रभू शिष्यांना भेटला तेव्हा त्याच्या हातांवर आणि कुशीत वण होते. मृत्यूवर विजय मिळवलेलं ते शरीर वणांशिवाय उठू शकलं नसतं का? पण तो ते वण घेऊनच आला, आणि थोमाला त्याने ते लपवून न ठेवता दाखवले. वण तिथे होते आणि जीवनही तिथे होतं. मग आपल्या एखाद्या भावाच्या हृदयात न पुसला जाणारा वण राहिला, तर त्यावरून त्याच्या विश्वासाचं माप काढणारे आपण कोण?

खरी आशा मला अशी दिसते: जे सुटण्यासारखं आहे ते सुटायला वेळ देऊ या, आणि जे राहणार आहे त्याच्यासह चांगलं जगता येईल अशी सोय करू या.

पॅरिश काय करू शकेल

सगळं घरच्यांवर टाकून चालणार नाही. माझ्या मते प्रत्येक पॅरिशला, लहानशा प्रार्थना समूहालाही, एवढं जमण्यासारखं आहे.

भेटी पहिल्या पंधरवड्यात गर्दीने न करता वाटून घ्याव्यात. ऑपरेशन होताच पन्नास माणसं येतात, तेव्हा खरं तर जंतूंचा धोका असतो आणि विश्रांती हवी असते. तिसऱ्या महिन्यात, सहाव्या महिन्यात, वर्षाने कुणी फिरकत नाही. समूहाच्या वहीत नाव आणि महिना लिहून ठेवा आणि त्या महिन्यात जा.

गेल्यावर "बरं झालं ना सगळं?" असं विचारू नका. त्याला "हो" शिवाय उत्तर देता येत नाही. "काल किती चाललात? रात्री उशा किती लागतात? पायांना सूज आहे का?" असं विचारा. उत्तर देताना माणूस मोकळा होतो, आणि दम किंवा सूज वाढली असेल तर डॉक्टरांकडे न्यायची वेळ कळते.

तरुण मुलांना एक काम द्या: इंग्रजी कागद मराठीत वाचून दाखवणं, गोळ्यांचं वेळापत्रक मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावणं, आय.एन.आर.च्या तपासणीला सोबत जाणं. शंका आली तर स्वतः अर्थ न लावता डॉक्टरांना फोन करून विचारणं. ही सेवा गायनमंडळातल्या सेवेइतकीच मोलाची आहे.

चर्चमध्ये मागच्या बाकांजवळ दोन-तीन खुर्च्या ठेवा, आणि उभं राहण्याच्या वेळी कुणी बसून राहिलं तर त्याच्याकडे वळून पाहू नका.

आणि धर्मशिक्षणाच्या वर्गात येणाऱ्या मुलांकडे लक्ष ठेवा. घसा दुखून ताप आला आणि मागोमाग सांधे सुजले, तर त्यांना डॉक्टरांकडे न्या. र्‍हुमॅटिक फीवर ठरला तर सहसा दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन वर्षानुवर्षं घ्यावं लागतं. मूल रडतं, आई कंटाळते, इंजेक्शन चुकतं. ते चुकू दिलं नाही तर एखाद्या मुलाची झडप वाचेल, आणि चाळीस वर्षांनी त्याच्या हृदयावर जो वण पडला असता तो पडणारच नाही.

तेव्हा पुढच्या रविवारी कुणी ऑपरेशन करून चर्चमध्ये आलेलं दिसलं, तर "हार्ट नवीन झालं" म्हणू नका. म्हणा, "दार मोकळं झालं, देवाचे आभार. आता सावकाश चला, आम्ही सोबत आहोत." आणि मग खरोखरच, त्याच्या वेगाने, पायऱ्यांपर्यंत सोबत चाला.